पाच तोळ्यांची गोळी

सोने तोळ्यात मोजणाऱ्या आपल्या घरांना एक गोष्ट सहसा ठाऊक नसते. इंग्रजी अमदानीत १८३३ साली तोळ्याचे वजन १८० ग्रेन असे कायम झाले, आणि हाच ग्रेन विलायतेतले बंदूकवाले गोळी व दारू मोजायला वापरत. बारा माशांचा तोळा, म्हणजे मासा झाला १५ ग्रेनचा. आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतात तो हा नव्हे. हा जुना, साडेअकरा ग्रॅमहून थोडा जड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या जेफ्री कंपनीने हत्तीसाठी ६०० बोअरची दुनळी रायफल काढली. तिच्या गोळीचे वजन ९०० ग्रेन. भागाकार करून पाहा, बरोबर पाच तोळे येतात. एवढे शिसे एका सेकंदात जवळजवळ सहाशे मीटर जाईल अशा वेगाने नळीतून सुटे, आणि ती रायफल खांद्याला लावणाऱ्याला सात किलोंचे ओझे पेलून उभे राहावे लागे.

उत्सवाच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. माळव्यात आणि निमाडात राहणारी आपली घरे शिकारीच्या गोष्टी ऐकतच वाढली. त्या गोष्टींत वाघ किती फुटी होता हे हमखास असते, मचाण कुठे होते हेही असते. गोळी किती वजनाची होती हे मात्र कोणी सांगत नाही. आम्हांला तो तपशील सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गोळी अपुरी पडली तर तिची किंमत मचाणावरच्या साहेबाने क्वचित मोजली. ती मोजली खाली ढोल-डबे वाजवत चालणाऱ्या हाकाऱ्यांनी, आणि पुढच्या महिन्यात जंगलात लाकडे आणायला गेलेल्या बायाबापड्यांनी. १९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे शिकार बंद झाली, ते योग्यच झाले. पण त्याआधीच्या शंभर-सव्वाशे वर्षांत ‘गोळी हलकी असावी की भारी’ या एका प्रश्नावर जो वाद झाला, तो इतिहास म्हणून वाचण्याजोगा आहे.

सुरुवात गोल गोळ्यापासून करावी लागते. ठासणीच्या बंदुकीत शिशाचा गोळा जाई, आणि बंदुकीचा आकार ‘बोअर’मध्ये सांगत. एका पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यांतला एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअरची. चार गोळे केले तर चार बोअरची. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी. चार बोअरचा गोळा पाव पौंडाचा, म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेदहा तोळ्यांचा! गोल गोळ्याची अडचण अशी की त्याचा व्यास ठरला की वजनही ठरले. गोळा जड हवा असेल तर नळी रुंद करण्यावाचून इलाज नाही. नळी रुंद झाली की बंदूक जड, दारू जास्त, धक्का जास्त.

सॅम्युएल बेकर हा या मार्गाने सर्वांत पुढे गेलेला माणूस. सिलोनमध्ये हत्तींमागे हिंडलेला आणि पुढे नाईलच्या उगमाच्या शोधासाठी नावाजलेला. ब्रिस्टलच्या गिब्ज यांनी १८४० साली त्याला एक एकनळी रायफल करून दिली; वजन २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो. तिच्यात तीन औंसांचा गोल गोळा किंवा चार औंसांची लांबट गोळी चाले, आणि एका बाराला पुरा एक औंस दारू लागे. याउपर त्याने हॉलंडकडून आणखी एक अजस्र बंदूक करवून घेतली. अर्ध्या पौंडाची स्फोटक गोळी फेकणारी. तिचे लाडाचे नाव ‘बेबी’. ॲबिसिनियाच्या सरहद्दीवरचे त्याचे अरब सोबती तिला ‘तोफेचे पोर’ म्हणत. बेकर स्वतः धिप्पाड होता, तरी बार काढला की ही बंदूक त्याला जागच्या जागी गरकन फिरवी, आणि ती झाडायला आपण धजत नसू असे त्यानेच लिहून ठेवले आहे.

आता यंत्रविद्येची थोडी वाट. तवा आणि पहार एकाच वजनाचे असले तरी जमिनीत घुसते ती पहार. गोळीचेही तसेच. तिचे वजन पौंडात घ्यावे, त्याला व्यासाच्या इंचांच्या वर्गाने भागावे. जो आकडा येतो त्यावर गोळी किती खोल जाईल याचा बराचसा अंदाज बांधता येतो. बारा बोअरच्या गोल गोळ्याचा आकडा ०.१६ च्या आसपास येतो. चार बोअरचा, पावणेदहा तोळ्यांचा, तो ०.२३ पर्यंत पोचतो. म्हणजे वजन तिप्पट केले आणि पदरात पडले दीडपटीपेक्षा कमी. गोल आकाराची मर्यादा ती हीच.

ती मोडली जोसेफ व्हिटवर्थ याने. आमच्यासारख्या पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेल्यांना हे नाव बोल्टच्या आट्यांमुळे पाठ असते. पंचावन्न अंशांचा व्हिटवर्थ आटा आजही जुन्या यंत्रांत भेटतो. त्याच माणसाकडे इंग्लंडच्या सरकारने लष्करी रायफल सुधारण्याचे काम दिले. एन्फील्ड रायफलची नळी ०.५७७ इंच आणि गोळी ५३० ग्रेनची होती. व्हिटवर्थने गोळीचे वजन तेच ठेवले आणि नळी ०.४५१ इंचांवर आणली. तेच शिसे बारीक नळीत बसवायचे तर गोळी लांब होणारच. लांब गोळी हवेत कोलांट्या खाऊ नये म्हणून तिला जोराने गरगर फिरवावे लागते, तेव्हा नळीच्या आतल्या खाचांचा पीळ त्याने घट्ट केला. एन्फील्डमध्ये ७८ इंचांत एक फेरा होई, व्हिटवर्थमध्ये २० इंचांत. १८५७ साली हाइथ येथे दोन्हींची परीक्षा झाली तेव्हा लांब पल्ल्यावर एन्फील्ड कुठच्या कुठे मागे राहिली. पुढे १८७९ मध्ये वूलिचच्या ग्रीनहिल या गणिताच्या प्राध्यापकाने याचे सूत्रच बांधून दिले. त्याचा सोपा अर्थ असा की नळी तीच ठेवून गोळीची लांबी दुप्पट केली तर पीळही दुप्पट घट्ट हवा. जुन्या, सैल पिळाच्या नळीत नेहमीपेक्षा भारी गोळी घातली की ती निशाणावर आडवी जाऊन आदळते, त्याचे कारण हेच. गोळी भारी करायची म्हणजे लांब करायची, आणि लांब करायची तर तिला सांभाळणारी नळी हवी.

इतके सिद्ध झाल्यावर गोल गोळ्याचा निकाल लागायला हवा होता. तो लागला नाही, आणि त्याला कारण झालेला माणूस आपल्या मुलुखातला अधिकारी होता. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ. मध्य प्रांताचा जंगल अधिकारी, नंतर निमाडचा सेटलमेंट ऑफिसर आणि डेप्युटी कमिशनर. पचमढीला जाणाऱ्यांनी बायसन लॉज पाहिले असेल. १८६२ चे ते बांधकाम त्याचेच. सातपुड्याच्या जंगलांवरचे त्याचे पुस्तक १८७१ साली निघाले आणि त्याच वर्षी तो वारला. पण त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. जमाबंदीच्या कामावरचा माणूस, मोजमाप आणि नोंद हा त्याचा स्वभाव. पुस्तकही तसेच, हिशेबाने भरलेले.

फॉर्सिथचे म्हणणे थोडक्यात असे. सातपुड्याच्या झाडीत वाघ किंवा गवा शंभर यार्डांच्या आत दिसतो, पुष्कळदा पंचवीस-तीस पावलांवर. तिथे हजार यार्डांची अचूकता काय चुलीत घालायची? लांब गोळी आणि घट्ट पीळ घेतला की त्या काळच्या दारूने वेग कमी राहतो, गोळी उंच कमान करून जाते, आणि अंतराचा अंदाज चुकला की नेम चुकतो. त्यापेक्षा चौदा बोअरचा गोल गोळा घ्यावा, दारू भरपूर भरावी, आणि पीळ इतका सैल ठेवावा की एक फेरा पुरा व्हायला आठ-नऊ फूट लागावेत. नळी दोन-सव्वादोन फुटांची. म्हणजे गोळा नळीतून बाहेर पडेपर्यंत जेमतेम पाव फेरा फिरे. गोल गोळ्याला तेवढे पुरते. दीडशे यार्डांपर्यंत तो जवळजवळ सरळ जातो आणि रुंद जखम करतो.

निमाडच्या जंगलापुरता हा हिशेब खोटा नव्हता. पण एक आकडा बघा. चौदा बोअरचा गोळा म्हणजे पौंडाचा चौदावा हिस्सा, बरोबर ५०० ग्रेन, दोन तोळे नऊ मासे. चाळीस-पन्नास वर्षांनी हिंदुस्थानात सर्वांत प्रिय झालेल्या ४७० रायफलची गोळीही ५०० ग्रेनचीच. वजन गुंजेचाही फरक नसलेले. पण फॉर्सिथच्या गोळ्याचा आकडा ०.१५ आणि ४७० च्या गोळीचा ०.३२. हरणाच्या आणि वाघाच्या अंगात पहिला पुरे, गव्याच्या खांद्यात त्याची दमछाक होई.

या दोन मतांच्या मधे तिसरेच एक पीक आले आणि त्याने घोटाळा केला. १८५६ च्या सुमारास पर्डी या लंडनच्या कारागिराने वेगवान रायफलींना ‘एक्स्प्रेस ट्रेन’ हे नाव दिले. आगगाडीचे कौतुक नवे होते. त्यातून ‘एक्स्प्रेस’ रायफलींची लाट आली. कल्पना अशी की गोळी हलकी करावी, टोकाला भोक पाडून पोकळ ठेवावी, दारू भरपूर भरावी. ४५० बोअरच्या एक्स्प्रेसमध्ये पावणेतीनशे ते साडेतीनशे ग्रेनच्या गोळ्या चालत, म्हणजे दीड ते दोन तोळे, जिथे त्याच नळीतून मार्टिनी-हेन्री ४८० ग्रेन फेकत होती. चितळ, काळवीट यांवर ही गोळी विजेसारखी चाले. मारा सपाट, धक्का कमी, बंदूक हलकी. नवशिका साहेब हीच घेई, आणि दुकानदार हीच खपवी.

वाघ समोर खांदा करून आला की हिचे पितळ उघडे पडे. पोकळ गोळी कातड्याखालच्या जाड स्नायूत किंवा खांद्याच्या हाडावर फुटून तिचे तुकडे होत आणि आतल्या फुप्फुसांपर्यंत काहीच पोचत नसे. वरून जखम भयंकर दिसे, रक्त भरपूर सांडे, आणि वाघ मात्र निघून जाई. मग त्या रक्ताच्या मागावर झुडपांत शिरायचे कोणी? तिथे पुढे असत ते बिनहत्यारी, दोन-चार आण्यांच्या मजुरीवर आणलेले गोंड आणि कोरकू.

म्हाताऱ्या बेकरने १८९० साली लिहिलेल्या पुस्तकात या पोकळ गोळ्यांवर मनसोक्त राग काढला आहे. तोपर्यंत तो मध्य प्रांतातही वाघाची शिकार करून गेला होता. त्याचा आग्रह साधा होता. ५७७ बोअरची रायफल, ६४८ ग्रेनची भरीव गोळी (साडेतीन तोळ्यांहून जास्त), शुद्ध मऊ शिशाची. वाघाच्या अंगात शिरल्यावर ती छत्रीसारखी पसरते, फुटत नाही, आणि पलीकडच्या कातड्याखाली जाऊन थांबते. सगळा जोर जनावराच्या आतच खर्ची पडतो. गव्याला आणि हत्तीला मात्र शिसे कठीण करून घ्यावे. गोळीचे वजन आणि तिची धातू, दोन्ही मिळून विचार करायला हवा, हे बेकरला पुरते उमगले होते. आम्हांला या साऱ्या मंडळींत तोच जास्त शहाणा वाटतो, ‘बेबी’चा वेडेपणा जमेस धरूनही.

जखमी वाघाचे पुढे काय होते ते जिम कॉर्बेटने सांगितले आहे. वाघ नरभक्षक होतो तो दहातल्या नऊ वेळा जखमेमुळे आणि एखादे वेळी म्हातारपणामुळे, असा त्याचा अनुभव. चंपावतच्या वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसे मारली असा आकडा तो देतो. १९०७ साली ती मारली गेली तेव्हा तिच्या तोंडात उजवीकडचे वरचे व खालचे सुळे तुटलेले निघाले, वरचा अर्धा आणि खालचा थेट हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. त्या एका अर्धवट बाराने तिची नेहमीची शिकार सुटली आणि ती माणसांकडे वळली. त्या दिवशीच्या हाक्याला चंपावतच्या तहसीलदाराने २९८ माणसे जमवली होती. साऱ्या गावांचा जीव मेटाकुटीला आलेला, म्हणून आली. कॉर्बेटजवळ ५०० बोअरच्या रायफलीची फक्त तीन काडतुसे होती, ती संपली, आणि शेवटी त्याने तहसीलदाराची बंदूक मागून घेतली. तिची नळी आणि खालचा भाग यांत चक्क फट होती. नेम धरला वाघिणीच्या उघड्या तोंडावर, गोळी लागली पंजावर. सुदैवाने ती आधीच्या गोळ्यांनीच संपत आली होती. सरकारी मालाची ही कथा वाचताना आम्हां नोकरदारांना हसू आवरत नाही.

भारी गोळीचेही स्वतःचे दुखणे होतेच. फ्रेडरिक सेलूस याने १८७२ ते १८७४ या तीन मोसमांत आफ्रिकेत चार बोअरच्या साध्या नळीच्या, बदके मारण्यासाठी बनवलेल्या बंदुकीने ७८ हत्ती मारले. चार औंसांचे गोळे, आणि दारू मुठीने भरलेली. पुढे त्याला या बंदुकांचा पश्चात्ताप झाला. त्यांच्या धक्क्याने आपला हात आणि मन दोन्ही बिचकले, नंतरचे नेम त्यामुळे बिघडले, असे त्याचे म्हणणे. बार काढण्याआधीच डोळे मिटू लागले तर दहा तोळ्यांच्या गोळीचा उपयोग काय? त्याने पुढे ४६१ बोअरची, लांब गोळीची गिब्ज-मेटफर्ड रायफल पत्करली.

हा पेच सुटला तो धूर न करणाऱ्या नव्या दारूने. १८९८ मध्ये रिग्बी यांनी ४५० नायट्रो एक्स्प्रेस आणली. नाव एक्स्प्रेसचे, पण गोळी ४८० ग्रेनची, दोन तोळे आठ मासे, मार्टिनी-हेन्रीचेच वजन. तांबे-निकेलच्या कवचात शिसे, वेग सेकंदाला २१५० फूट. आकडा ०.३३. चार बोअरच्या गोळ्याहून वजनाने चौथाईपेक्षा थोडी जास्त, आणि घुसण्यात त्याच्या कितीतरी पुढे. बेकरचा भारीपणा आणि एक्स्प्रेसचा वेग एकत्र आला, तोही पाच किलोंच्या दुनळीत.

मग सरकार आडवे आले. मार्टिनी-हेन्री रायफली सरहद्दीवर आणि देशात पुष्कळ पसरल्या होत्या, त्यांचीही नळी ४५० ची. शिकारीच्या नावाखाली आणलेला माल बंडखोरांच्या हाती जाईल या भीतीने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानात ४५० बोअरच्या रायफली आणायला बंदी झाली. विलायतेच्या कारखानदारांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे इथले अधिकारी आणि संस्थानिक. त्यांनी काय केले? गोळीचे वजन आणि वेग तेच ठेवून नळी सुताभराने बदलली. हॉलंडची ४६५, शिवाय ४७०, ४७५, ४७६. एका फायलीवरच्या हुकमाने काडतुसांचे एवढे मोठे कुटुंब जन्माला आल्याचे दुसरे उदाहरण आमच्या माहितीत नाही. आपल्याकडच्या जुन्या शिकारी घराण्यांत ४७० आणि ४६५ जागोजागी आढळतात त्या यामुळे.

याच काळात आफ्रिकेत बेल नावाचा एक स्कॉट हजारावर हत्ती मारून गेला, त्यातले बहुतेक ०.२७५ च्या, म्हणजे सात मिलिमीटरच्या रायफलीने. गोळी १७३ ग्रेनची. तोळ्याला अर्धा मासा कमी! हे सांगून पुष्कळ जण म्हणतात की पाहा, भारी गोळीची गरजच नव्हती. आकडा काढून बघावा. बेलची ती लांब, बोथट टोकाची, पुऱ्या कवचाची गोळी ०.३१ भरते; ४७० च्या जवळजवळ बरोबरीची. तोळ्यांत ती हलकी, पण आपल्या नळीच्या मानाने भारीच. शिवाय हत्तीच्या कवटीत मेंदू नेमका कुठे असतो याचा बेलने कसून अभ्यास केला होता. बेलचे अनुकरण करायला निघालेल्या सगळ्यांनी तेवढे कष्ट घेतले नव्हते.

तर मग ठरल्या वजनाहून आणखी भारी गोळी का घालू नये? हा मोह शिकाऱ्यांना वारंवार झाला, आणि इथे कारागिरांचा धंदा आडवा येतो. दुनळीच्या दोन नळ्या समांतर नसतात. पुढे किंचित एकमेकींकडे वळवलेल्या असतात. बार होताना बंदूक उसळते आणि बाहेरच्या अंगाला कलते, ते जमेस धरून त्या अशा जुळवाव्या लागतात की ठराविक वजनाची गोळी, ठराविक वेगाने, दोन्हींतून एकाच जागी लागावी. कारागीर प्रत्यक्ष बार काढून, नळ्यांमधला डाक वितळवून, पाचर सरकवून हे जुळवीत. रायफलीच्या किमतीतला मोठा वाटा या कामाचा. गोळी भारी घातली की ती नळीत जास्त वेळ रेंगाळते, तेवढ्यात बंदूक जास्त कलते, आणि उजव्या नळीची गोळी उजवीकडे, डावीची डावीकडे सरकते.

एकनळीत हा प्रश्न नाही, पण काडतुसात जागेचा आहे. १९५६ मध्ये अमेरिकेच्या विंचेस्टरने ४५८ मॅग्नम काढली, अडीच इंचांच्या आखूड काडतुसात ५०० ग्रेनची गोळी. नायट्रो रायफलींची बरोबरी स्वस्तात करायची होती. भारी गोळी लांब, लांब गोळी काडतुसात खोल बसते, आणि दारूची जागा खाते. दारू दाबून भरावी लागली. काही काळाने तिचे ढेकूळ होऊन ती नीट पेटेना आणि वेग कबूल केल्यापेक्षा खाली घसरला. जॅक लॉट नावाच्या शिकाऱ्याला १९५९ साली मोझांबिकमध्ये रानरेड्याने तुडवले, तेव्हा हातात ४५८ होती. त्याने पुढे लांब काडतूस तयार केले, तेच १९७१ चे ४५८ लॉट. आता ऑस्ट्रेलियात ५५० ग्रेनच्या, तीन तोळ्यांवरच्या गोळ्याही या नळीसाठी बनतात, आणि त्या बाळगाव्यात की नाहीत यावर तिकडचे शिकारी अजून भांडतात.

आपल्याकडे तोवर चित्र पालटले होते. १९७० मध्ये वाघाची शिकार थांबली, दोन वर्षांनी वन्यजीव कायदा आला, त्याच सुमारास विलायतेच्या काइनॉक कारखान्याने मोठी काडतुसे बनवणे सोडून दिले. रायफली उरल्या, राजवाड्यांच्या भिंतींवर, संग्रहालयांच्या कपाटांत, परवाना नूतनीकरणाच्या फायलींत. त्यांतली एखादी ४७० उलगडून नळ्यांच्या बुडाशी पाहायला मिळाली तर तिथे परीक्षागृहाच्या शिक्क्यांजवळ बारीक अक्षरांत कोरलेले असते, ‘७५ – ५०० मॅक्स’. दारू ७५ ग्रेन, पाच मासे. गोळी ५०० ग्रेन, दोन तोळे नऊ मासे. यापुढे नाही.